घाटमाथ्यावरची बिनतारी चिठ्ठी

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली. एवढी मोठी घटना बाहेर कळली ती नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकामुळे. समोर गाव दिसायला हवं तिथं त्याला चिखलाचा ढीग दिसला. एसटी त्या वेळी तिथं पोचली नसती, तर मदत निघायला आणखी किती वेळ लागला असता याचा विचारही नकोसा वाटतो. मुळशी तालुका याच पुणे जिल्ह्यातला आणि याच सह्याद्रीच्या धारेवरचा. २०२४ च्या जुलैत तिथल्या ताम्हिणी घाटात चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, म्हणजे पुणे शहरात जवळजवळ अख्ख्या पावसाळ्यात पडतो तितका एका दिवसात. अशा दिवशी घाटातल्या एखाद्या वाडीतून पौडच्या तहसील कचेरीपर्यंत चार ओळींचा मजकूर कसा पोचेल, हा प्रश्न आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात सगळ्यात आधी यायला हवा. हौशी रेडिओवरून पाठवलेला लिखित संदेश, म्हणजे इंटरनेटशिवाय जाणारी ईमेल, हे त्याचं एक भक्कम उत्तर आहे. आपल्याकडे त्याची दखल फार कमी घेतली जाते.

मोबाइल असताना हे कशाला, असं कुणीही विचारेल. मोबाइलचा मनोरा हा साखळीतला फक्त शेवटचा दुवा असतो. त्याला वीज लागते ती महावितरणची. ती गेली की बॅटरी काही तास चालते, आणि डिझेल जनरेटर असला तर डिझेल आणणारी गाडी वर चढावी लागते. मनोऱ्यापासून पुढे संदेश जातो तो जमिनीखालच्या फायबरमधून नाहीतर एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगराकडे रोखलेल्या डिशमधून. रस्त्याची कड दरडीबरोबर वाहून गेली की कडेचं फायबरही जातं. मनोरा उभा दिसतो, फोनवर कधी कधी रेंजही दिसते, पण बोलणं होत नाही. मुळशीत त्यात भूगोलाची भर पडते. धरणाच्या पाण्याच्या दोन्ही अंगांना डोंगररांगा, त्यांच्या पोटात निवे, आंबवणे, भांबर्डे अशी गावं, आणि त्या गावांच्याही वर विखुरलेल्या वाड्या. मनोऱ्याच्या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे डोंगराची सावली पडते तिथं चांगल्या दिवशीही फोन लागायला कष्ट पडतात. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक उपयोगाचा आहे, पण तो लावायला आधी फोन चालू हवा.

हौशी रेडिओ, बोलीभाषेत हॅम, हा या साखळीबाहेरचा मार्ग आहे. परवानाधारक माणसाचा स्वतःचा प्रक्षेपक, स्वतःची बॅटरी, स्वतःची अँटेनाची तार; मध्ये कुठलीही कंपनी नाही. संकटात हॅम मंडळी उपयोगी पडतात हे भारतात अनेकदा दिसलं आहे. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्याच एका मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होते. अंदमानचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला असताना त्यांच्या केंद्रावरून नातेवाइकांची खुशाली आणि मदतकार्याचे निरोप जात-येत राहिले. मात्र अशा कथांमधून आपल्या मनात एक चित्र पक्कं बसलं आहे: हातात मायक्रोफोन धरून बोलणारा माणूस. ते खरं असलं तरी अपुरं आहे. संकटात बोलण्यापेक्षा लेखी मजकूर जास्त लागतो, आणि मुळशीसारख्या तालुक्यानं तयारी करायची ती लेखी निरोपाची करावी, असं माझं म्हणणं आहे.

समजा, निव्याच्या शाळेत अडतीस माणसं आसऱ्याला आली आहेत. त्यांची नावं, वयं, कोण जखमी, कोणती बाई सातव्या महिन्यात आहे, कुणाला इन्सुलिन लागतं आणि कुठल्या प्रकारचं, हे सगळं पौडला कळवायचं आहे. आवाजावर हे सांगायचं तर एकेक नाव फोडून, आकडे दोनदा उच्चारून, पलीकडच्याला लिहून घ्यायला वेळ देत सांगावं लागतं. खरखरीत ‘सात’ आणि ‘साठ’ यांत फरक राहत नाही. ऐकणारा दमलेला असतो, सांगणाराही. तिसऱ्या माणसाकडे ती यादी पोचेपर्यंत आडनावं बदललेली असतात आणि औषधाच्या मात्रेचा एखादा आकडा गळालेला असतो. शिवाय दोघांनीही एकाच वेळी रेडिओपाशी बसलेलं असावं लागतं. लेखी संदेशाला या अडचणी येत नाहीत. तो जसा लिहिला तसाच पोचतो, कागदावर छापता येतो, आणि कुणी काय मागितलं होतं याची नोंद मागे उरते. मदत वेळेवर का आली नाही याची चौकशी पुढे कधी झाली, तर ही नोंद फार मोलाची ठरते.

रेडिओवरून मजकूर पाठवणं ही मुळात जुनीच गोष्ट आहे. बिनतारी आधी तारायंत्राची होती, आवाज नंतर आला. १९२७ साली खडकीच्या प्रक्षेपण केंद्रातून आणि दौंडच्या ग्रहण केंद्रातून लघुलहरींवर थेट इंग्लंडशी तारांची ये-जा सुरू झाली, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या जमिनीवरून सातासमुद्रापार मजकूर जात होता. पुढे २०१३ च्या जुलैत देशातली तारसेवा बंद झाली. मोबाइल आणि ईमेल आल्यावर तिची गरज उरली नाही हे खरं, पण तारेबरोबर आणखी एक गोष्ट गेली: थोडक्या शब्दांत नेमकं कळवण्याची सरकारी आणि लोकांची सवय. ती सवय आपत्तीच्या कामात आजही लागते.

आता हे काम प्रत्यक्षात चालतं कसं ते जवळून पाहू. सामान फारसं नाही: एक रेडिओ, एक लॅपटॉप, दोघांना जोडणारी छोटी पेटी आणि अँटेना. जुनी आणि सोपी पद्धत पॅकेट रेडिओची. १९७८ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलच्या हॅम मंडळींनी तिची सुरुवात केली. तीत लॅपटॉप अक्षरांचे शून्य-एक करतो आणि त्यांचे दोन सूर बनवतो, एक १२०० हर्ट्झचा आणि दुसरा २२०० हर्ट्झचा. सेकंदाला १२०० वेळा यांपैकी एक सूर वाजतो. कानाला ती नुसती खरखर वाटते. संदेश अखंड जात नाही. त्याचे साधारण २५६ बाइटपर्यंतचे तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची कॉल साइन, म्हणजे परवान्यातलं रेडिओवरचं नाव, असते आणि शेपटाशी एक तपासणीचा आकडा, जो त्या तुकड्यातल्या सगळ्या अक्षरांवर गणित करून काढलेला असतो. पलीकडचा लॅपटॉप तेच गणित पुन्हा करतो. आकडा जुळला तर तो पोचपावती पाठवतो. वीज कडाडली, कुणी मध्येच बोललं, एक अक्षरही बिघडलं, तर आकडा जुळत नाही, पावती जात नाही, आणि तोच तुकडा पुन्हा पाठवला जातो. म्हणून इथं संदेश उशिरा पोचू शकतो, पण चुकीचा पोचण्याची शक्यता जवळजवळ राहत नाही. औषधाच्या मात्रेसाठी मला हा गुण वेगापेक्षा मोठा वाटतो.

या पायावर जगभर उभी राहिलेली सगळ्यात मोठी व्यवस्था म्हणजे विनलिंक. एक ना-नफा संस्था आणि तिचे स्वयंसेवक ती चालवतात. सुरुवातीला तिचा मोठा वापर समुद्रात महिनोन्‌महिने फिरणाऱ्या शिडाच्या बोटींवरच्या हॅम मंडळींनी केला. प्रत्येकाची कॉल साइन हाच त्याचा ईमेल पत्ता. रेडिओवरून संदेश जवळच्या किंवा दूरच्या द्वारकेंद्राकडे जातो. त्या केंद्राला इंटरनेट असतं, तिथून तो साध्या ईमेलसारखा कुणाच्याही पेटीत पडतो. उत्तर आलं तर तुम्ही पुन्हा रेडिओ लावेपर्यंत ते थांबून राहतं. खेड्यात पूर्वी एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी देत, ती ज्याची त्याला कधी ना कधी मिळे. घेणारा स्टँडवर उभा असलाच पाहिजे असं नव्हतं. तसंच हे. २०१७ मध्ये मारिया वादळानं पोर्तो रिकोची वीज आणि फोन दोन्ही नेले, तेव्हा अमेरिकेच्या रेड क्रॉसनं हॅम संघटनेकडे स्वयंसेवक मागितले. त्यांच्या मुख्य कामांपैकी एक होतं वाचलेल्या लोकांच्या नोंदी विनलिंकवरून बाहेर पाठवणं. तिथंही बोलण्यापेक्षा याद्या महत्त्वाच्या ठरल्या.

पण द्वारकेंद्राला इंटरनेट लागतं, मग उपयोग काय? हा आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. त्याची दोन उत्तरं आहेत. एक असं की इंटरनेट दरडीच्या ठिकाणी असायची गरज नाही, संकटग्रस्त भागाबाहेर कुठंही चालेल. दुसरं, आणि मुळशीसाठी जास्त महत्त्वाचं, असं की त्याच सॉफ्टवेअरमधून दोन रेडिओ मध्ये कुणालाही न घेता थेट एकमेकांना संदेश देऊ शकतात. निवे ते पौड, पौड ते पुण्याचं जिल्हाधिकारी कार्यालय, असा निरोप जायचा असेल तर इंटरनेटचा प्रश्नच येत नाही.

खरा प्रश्न डोंगराचा आहे. हातातल्या छोट्या संचांच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी मोबाइलसारख्याच सरळ जातात. सिंहगडावर टीव्हीचा मनोरा उभारला तो त्याच कारणानं: उंचावरून लांबवर दृष्टी पोचते. मुळशीच्या दरीतून अशा लहरींनी काम करायचं तर धारेवर कुणीतरी मधला माणूस ठेवावा लागतो, आणि ताम्हिणीच्या पावसात तिथं कुणाला बसवणं धोक्याचं आहे. इथं लघुलहरी कामी येतात. ७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४० मीटर. तिच्यासाठी साधारण वीस मीटरची तार ताणावी लागते. ही तार मुद्दाम बुटकी, तीन-चार मीटर उंचीवर दोन झाडांना बांधली, तर लहरींचा मोठा भाग सरळ वर जातो. जमिनीपासून अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवर आयनांबराचा थर आहे. तिथून त्या परततात आणि चहूबाजूंना तीनशे-चारशे किलोमीटरच्या वर्तुळात उतरतात. वरून खाली येणाऱ्या लहरीला डोंगर आड येत नाही. नाशिक, कोल्हापूर, सोलापूर ही तिन्ही शहरं मुळशीपासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आत आहेत, आणि पौड तर शेजारीच. उंच मनोरा नको, शिखर नको. शाळेच्या आवारातली दोन झाडं पुरतात. हौशी लोकांत उंच अँटेनेचं कौतुक असतं, कारण तिनं परदेश गाठता येतो. आपत्तीत परदेश नको असतो, शेजारचा जिल्हा हवा असतो.

या लहरींची मर्यादाही सांगायला हवी. आयनांबर सूर्यावर अवलंबून असतं. रात्री थर विरळ झाला की ७ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळ उतरण्याऐवजी दूर जातात, मग खाली ३.५ मेगाहर्ट्झला यावं लागतं आणि तार दुप्पट लांब लागते. सूर्यावर मोठा स्फोट झाला तर दिवसा काही मिनिटं ते तासभर लघुलहरी ठप्प होतात. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजांचा कडकडाट असतो. त्या वेळी अँटेना सोडवून ठेवणं हाच शहाणपणा. म्हणून कमी शक्तीत, खरखरीतूनही मजकूर वेचणाऱ्या पद्धती लागतात. त्यातली एक जेएस८कॉल. तिचा पाया असलेली एफटी८ ही पद्धत २०१७ मध्ये जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँक यांनी तयार केली. टेलर हे पल्सार ताऱ्यांच्या अभ्यासासाठी १९९३ चं नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. आपल्या जिल्ह्यात खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण ज्या पल्सारांचे क्षीण स्पंद टिपते, त्याच अभ्यासातला माणूस क्षीण संदेश वाचण्याच्या कामाला लागला, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. जेएस८कॉलवर मिनिटाला साधारण सोळा शब्दच जातात, पण कानाला ऐकू न येणारा संदेशही ती उलगडते, आणि घेणारा जागेवर नसला तर मधल्या केंद्रावर निरोप ठेवता येतो.

वेगाचा आक्षेप इथंच तपासून घेऊ. फोटो, व्हिडिओ यांना या मार्गावर जागा नाही. विनलिंकवर एका संदेशाची कमाल मर्यादाच १२० किलोबाइट आहे. मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक गोष्ट माहीत हवी. संगणकात रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला तीन लागतात. ‘मुळशी’ या शब्दाचे पंधरा बाइट होतात. रोमन लिपीत तोच सहात बसतो. तरीही अक्षरं आणि मात्रा मिळून दोनशे खुणांचा देवनागरी संदेश सहाशे बाइटच्या आत राहतो, आणि पॅकेटच्या वेगानं चांगल्या संपर्कात काही सेकंदांत जातो. विनलिंक तो पाठवण्याआधी दाबून लहानही करतं. जेएस८कॉलमध्ये मात्र देवनागरी चालत नाही, तिथं मराठी रोमन लिपीत लिहावी लागते. यावर चांगला तोडगा आहे ठरीव फॉर्मचा: गाव, माणसं, जखमी, पाणी, औषध, रस्ता. फॉर्मचा साचा दोन्ही टोकांच्या लॅपटॉपवर आधीच असतो, हवेतून फक्त भरलेली माहिती जाते. विनलिंकमध्ये असे फॉर्म आहेत, पण ते परदेशी यंत्रणांच्या पद्धतीचे. तहसील कचेरीत पंचनाम्याचे जे रकाने वापरात आहेत, तसा मराठी फॉर्म तयार करणं हे एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांना सहज जमण्यासारखं काम आहे.

उपग्रह असताना रेडिओचा हट्ट का, असाही प्रश्न येतो. उपग्रह फोन भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाही. २०२५ मध्ये उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकला त्या विभागाचा परवाना मिळाला, आणि तहसील कचेरीत अशी सोय झाली तर ती अवश्य असावी. परंतु अशा डिश दहा-बारा गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. त्यांची लांबी अडीच-तीन सेंटिमीटर, म्हणून मुसळधार पावसाचे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. ताम्हिणीचा पाऊस हाच इथला मुख्य शत्रू, आणि चाळीस मीटरच्या लहरीला तो जाणवतसुद्धा नाही. वीजही बघावी. नेहमीच्या आकाराची डिश चालू ठेवायला साधारण पन्नास वॉटच्या वर लागतात. नुसता ऐकत असलेला लघुलहरी संच बारा व्होल्टवर साधारण एक अँपिअर घेतो. गाडीच्या बॅटरीवर तो दिवसभर चालतो आणि गाडी सुरू करून ती पुन्हा भरता येते. जुलैत मुळशीत ऊन दिसत नाही, तेव्हा सौर पॅनेलवर विसंबून योजना आखू नये.

पोलिसांचं बिनतारी जाळं आहे आणि ते चांगलं आहे. राज्याच्या पोलीस बिनतारी विभागाचं मुख्यालय पुण्यातच आहे. पण ते ठाण्यापर्यंत पोचतं, प्रत्येक वाडीपर्यंत नाही, आणि संकटात त्याच्यावर पोलिसांच्याच कामाचा ताण असतो. हौशी रेडिओनं त्याच्याशी स्पर्धा करायची नाही. वाडीतला निरोप छापील स्वरूपात नियंत्रण कक्षाच्या टेबलावर ठेवायचा, इतकंच त्याचं काम.

गुप्ततेचा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. हौशी रेडिओवर मजकूर लपवण्यासाठी सांकेतिक करता येत नाही. नियमांचीच तशी मनाई आहे, आणि ती योग्य आहे, कारण या लहरी सगळ्यांच्या आहेत आणि त्यांवर काय चाललं आहे ते कुणालाही तपासता यायला हवं. मग रुग्णाचं नाव आणि आजार उघड्यावर जाणार का? यावर उपाय लिहिण्याच्या शिस्तीत आहे. आजाराऐवजी औषध लिहावं, नावाऐवजी निवारा केंद्रातला क्रमांक, आणि नावांची यादी घरच्यांना कळवण्यापुरतीच पाठवावी. नियमांची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. परदेशाशी बोलताना तिसऱ्या माणसाचे निरोप हौशी केंद्रांनी एरवी नेऊ नयेत, पण आपत्तीत ते नेता येतील, अशी सवलत आंतरराष्ट्रीय नियमांत स्पष्टपणे आहे, आणि हौशी केंद्रांना अशा कामाच्या तयारीसाठी वाव द्यावा असं आवाहनही त्यांत सरकारांना केलेलं आहे.

राहिला माणसांचा प्रश्न, आणि हाच सर्वांत अवघड आहे. यंत्र कपाटात ठेवून ते संकटाच्या दिवशी चालत नाही. केबल कुठली, सॉफ्टवेअरचं नवं रूप कुठलं, सकाळी कुठली लहर चालते आणि रात्री कुठली, हे हाताला ठाऊक असावं लागतं, आणि ते नियमित वापरानंच होतं. पोर्ट ब्लेअरला २००४ मध्ये जे जमलं, ते संच आधीपासून चालू होता आणि हात सरावलेले होते म्हणून. इरशाळवाडी या डोंगरावरच्या वस्तीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा बचाव पथकांना अंधारात, पावसात पायी चढून जावं लागलं. अशा ठिकाणी बाहेरून संच नेईपर्यंत महत्त्वाचे तास निघून जातात. परवानाधारक माणूस तालुक्यातच राहणारा हवा: शाळेतला शिक्षक, ग्रामपंचायतीतला संगणक चालवणारा मुलगा, धरणावरचा कर्मचारी, आपदा मित्र म्हणून प्रशिक्षण घेतलेली तरुणी.

दर वर्षी मे महिन्यात जिल्ह्यात पावसाळ्याच्या पूर्वतयारीच्या बैठका होतात. बोटी, दोर, जेसीबी यांच्या याद्या तिथं तपासल्या जातात. त्या यादीत मुळशीसाठी दोन ओळी वाढवाव्यात: पौडला एक कायमचा लघुलहरी संच, आणि घाटाकडच्या निदान तीन-चार शाळांत एकेक, प्रत्येकापाशी दोन परवानाधारक. महिन्यातून एकदा ठरलेल्या वेळी तिथून पौडला एक भरलेला फॉर्म जावा आणि त्याची पोचपावती नोंदवहीत चिकटवली जावी. ज्या महिन्यात पावती आली नाही, त्या महिन्यात काय बिघडलं ते शोधावं. ज्या वाचकांना यात हात घालावासा वाटेल, त्यांनी दूरसंचार विभागाच्या हौशी रेडिओ परवान्याची परीक्षा द्यावी. बारा वर्षं पूर्ण झालेला कुणीही तिला बसू शकतो, आणि परवान्याच्या मर्यादित श्रेणीसाठी मोर्सची तारभाषा यावी लागत नाही.